फ्रायव्हीलमधलं कुत्रं

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा पोपट यानं मला फसवलं. माझ्या सायकलच्या मागच्या चाकातलं नखाएवढं पोलादी कुत्रं त्यानं काढून घेतलं, मला भर घाटात पाडलं, माझ्या हातातली देवीची ज्योत स्वतःच्या हातात घेतली आणि तिच्या उजेडात माझ्या वाट्याचं दुधाचं काम पटकावलं. हे मी आजवर कुठंही बोललो नाही. बोलायची मुभा नव्हती. ती कुणी काढून घेतली होती ते पुढं येईलच. आता ती मुभा मला मिळाली आहे, आणि मी ती मनासारखी वापरणार आहे. गेल्या महिन्यात राजूरला गेलो होतो. एसटी स्टँडसमोर मोठा फ्लेक्स लागलेला दिसला. फेटा बांधलेला पोपट हात जोडून हसतो आहे आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘ज्योतीचे मानकरी’. मी तिथंच चहा मागवला, तो निवेपर्यंत त्या फोटोकडं बघत बसलो, आणि नगरला परत येऊन हे प्रकरण लिहायला घेतलं.

आमची वाडी राजूरच्या वरच्या अंगाला, खिंडीच्या पलीकडं. वडील मी चालायला लागायच्या आधीच गेले. घरात आई, हिराक्का आणि मी. आईचा धंदा सुकटीचा. घोटीच्या बाजारातून सुकट आणि बोंबील आणायचे, एसटीच्या टपावर पाट्या चढवायच्या आणि राजूरच्या बाजारात गोणपाट अंथरून बसायचं. आमच्या घराला दार नसतं तरी आंधळ्याला ते वासावरून सापडलं असतं. अंथरुणात तो वास, शाळेच्या दप्तरात तो वास. वर्गातली पोरं नाक दाबायची आणि दुपारी माझ्याच डब्यातली चटणी मागायची. तव्यावर कोरडी भाजलेली सुकट, त्यात ठेचलेला लसूण आणि लाल मिरची, सोबत नाचणीची भाकरी. आजही माझ्या घरी ती चटणी होते. सुना खिडक्या उघडतात, मी बंद करतो.

घासाघीस मी आईकडून शिकलो. गिऱ्हाईक आलं की ती आधी त्याच्या हाताकडं बघायची. हात पाटीत शिरला असेल तर भावातून तसूभर हलायची नाही. हात पाठीमागं बांधलेला असेल तर आपणच दोन बोंबील वर टाकायची. ‘‘किसन्या,’’ ती मला म्हणायची, ‘‘मानूस तोंडानं खोटं बोलतो. हाताला खोटं बोलता येत न्हाई.’’ हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढं एका हातावर मला सगळं कळलं, पण तो हात बघितला तेव्हा मी पडत होतो.

सायकल मला मिळाली ती धरणावरच्या वसाहतीत. तिथं एका साहेबांची बदली झाली होती आणि सामान आवरणं चाललं होतं. मी आईनं पाठवलेले बोंबील द्यायला गेलो, तर जिन्याखाली पोत्यानं झाकलेलं काहीतरी दिसलं. पोतं उचललं. जाड टायर, त्यांवर विटेच्या तुकड्यांसारख्या गाठी, सरळ हँडल, पुढं तीन चकत्या, मागं सहा. आमच्याकडं तोवर सायकल म्हणजे काळी, उंच, दांडीची. पुढं नळीवर धान्याचं पोतं, मागं कॅरिअरवर बायको. असली डोंगराची सायकल मी फक्त धरणावर फिरायला येणाऱ्या मुंबईच्या पोरांकडं लांबून पाहिली होती. साहेबांच्या मुलानं दोन दिवस चालवून सोडून दिलेली ती. चेनला गंज चढला होता, मागचं टायर बसलं होतं. मी लगेच हात पाठीमागं बांधले.

‘‘काकू, हे भंगार टाकून द्यायचंय का?’’

‘‘भंगार? अरे, गिअरची आहे ती. केवढ्याला घेतली माहितीये?’’

‘‘गिअर अडकलेत. चेन पन गेली. भंगारवाला न्यायला पैशे मागंल.’’

काकू पुण्याच्या, त्याही काही कच्च्या नव्हत्या. ‘‘मग तू कशाला विचारतोयस?’’

‘‘टायरं घ्यावी म्हनलं. आईच्या पाटीखाली चुंबळीला.’’

जाड टायरची चुंबळ होत नाही हे त्यांना ठाऊक नसावं, किंवा ठाऊक असून त्यांना माझी गंमत वाटली असावी. त्या हसल्या. मग खरा सौदा सुरू झाला. त्यांना आमच्याकडचा काळभात हवा होता. पुण्यात तो मिळत नाही, आणि शिजला की शेजारच्या घरापर्यंत वास जातो. मी म्हणालो, तांदूळ देतो आणि तुमचा ट्रक भरून देतो. त्या म्हणाल्या, ट्रक भरायला माणसं आहेत. मी म्हणालो, माणसं कपबशा फोडतात, मी फोडत नाही. शेवटी आमच्या कणगीतला काळभात, ट्रकची भराई आणि वाटेत खायला आईच्या हातची चटणी, यांवर ती सायकल माझी झाली. चटणी त्यांनी वरून मागून घेतली, म्हणजे त्या सौद्यात मीच थोडा कापला गेलो. कापणाऱ्याबद्दल मला तक्रार नाही. समोरासमोर घासाघीस करून माझ्याकडून जास्त काढणाऱ्या माणसाला मी चहा पाजतो. पाठीमागून काढणाऱ्याबद्दल हे लिहितो आहे.

सायकल घरी आली तेव्हा आईनं तिच्या चाकांना हळदकुंकू लावलं आणि पहिलं काम सांगितलं, ‘‘पाटी बांध मागं.’’ सुकटीची पाटी कॅरिअरवर आली आणि राजूरपर्यंतच्या वाटेवरची एकूण एक कुत्री माझ्या मागं लागली. माझा वेग त्या कुत्र्यांनी वाढवला असं मी आज माझ्या सायकलच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगतो, आणि त्यांना ते खोटं वाटतं. शिकवायला कुणी नव्हतं. चढ सुरू झाल्यावर गिअर टाकला की चेन कुरकुरते आणि उतरते, म्हणून चढ यायच्या आधीच गिअर हलका करायचा, हे गुडघा फोडून शिकलो. मुरमाच्या उतारावर पुढचा ब्रेक गच्च दाबला की माणूस सायकलच्या आधी घरी पोचतो, हे हनुवटी फोडून शिकलो. दगडाकडं बघितलं की चाक दगडावरच जातं. जिथून जायचं त्या वाटेकडं बघायचं, दगडाकडं नाही. आज नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, माझं दुकान आहे. डॉक्टर, वकील, बँकेतले साहेब महागड्या सायकली घेतात आणि रविवारी आमच्याच डोंगरात चालवायला नेतात. त्यांना मी हेच सांगतो. सीट एवढी उंच घ्या की टाच पायडलवर ठेवली तर पाय सरळ व्हावा. खडीवर जाताना टायरमधली हवा जरा कमी करा. चेनला तेल घाला आणि मग ते पुसून काढा, नाहीतर धूळ धरते. आणि आणखी एक सांगतो, जे कुठल्या पुस्तकात नसतं. तुमच्या सायकलला दुसऱ्यानं पाना लावला, की बसण्याआधी चाक फिरवून कान द्या. तो दुसरा नात्यातला असेल तर दोनदा द्या.

मला तो आवाज अजून आठवतो. उतारावर पाय थांबवले की मागच्या फ्रायव्हीलमधून किर्र आवाज यायचा, एकसारखा, रातकिड्यासारखा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फ्रायव्हील म्हणजे मागच्या चाकाची दातेरी चकती. तिच्या पोटात दोन छोटे पोलादी तुकडे असतात, त्यांना कारागीर कुत्री म्हणतात. पाय मारला की ती आतल्या दात्यांना चावतात आणि चाक ओढतात. पाय थांबवला की दात्यांवरून घसरत किर्र करतात. सपाटीवर एका कुत्र्यावरही भागतं. पण चढावर, सगळं अंग पायडलवर टाकलेलं असताना, एकट्या झिजलेल्या कुत्र्याचा दात कधी सुटेल याचा भरवसा नसतो. आणि तो सुटला की पाय रिकाम्या विहिरीत पडल्यासारखा खाली जातो.

राजूरला सायकलीचं दुकान पोपटदाजीचं. हिराक्का त्याला दिली तेव्हा सगळी वाडी म्हणाली, पोरगी सुखात पडली. दुकान, मागं पत्र्याचं घर, दारात नळ. दाजी हाताचा कसबी होता, हे मी नाकारत नाही. वाकडी रिम तो डोळ्यानं सरळ करायचा. माझी सायकल पाहिली तेव्हा तो तिच्याभोवती फिरला, पायानं टायर दाबलं आणि हसला. ‘‘मेव्हणं, ही सायकल हाय का पानचक्की? एवढ्या चकत्या कशापायी?’’ पण हसताना त्याचा हात मागच्या चकत्यांवरून फिरत होता. आई तिथं असती तर म्हणाली असती, हात पाटीत शिरला.

त्याच वर्षी खालच्या दूध डेअरीच्या चेअरमननं वरच्या वाड्यांचं दूध घ्यायचं ठरवलं. खिंडीपलीकडं जीप जात नव्हती. डोक्यावरून आणलेलं दूध उन्हानं नासायचं. सायकलवर कॅन बांधून पहाटे घाट चढणारा-उतरणारा माणूस पाहिजे होता, आणि कायमचा पाहिजे होता. मला ते काम हवं होतं. आईचे गुडघे गेले होते. टपावर पाट्या चढवताना ती ओठ चावायची, ते मला दिसायचं. ते काम मिळालं की तिचं गोणपाट मी चुलीत घालणार होतो, तसं मी तिला बोलूनही दाखवलं होतं. दाजीलाही काम हवं होतं. दुकान चालत असलं तरी ते भाड्याच्या सायकलींचं, आणि लोकांकडं आता लुना यायला लागल्या होत्या. चेअरमन हुशार माणूस. आमच्या वाडीच्या देवळासमोर बसून, दोघांचं ऐकून तो म्हणाला, ‘‘नवरात्रात ज्योत येतीच की घाटानं. जो कुनी ज्योत घेऊन सायकलीवर बसून गावात शिरंल, त्याला दुधाची लाइन. देवीच ठरवंल. माझ्या डोक्याला ताप न्हाई.’’

ज्योतीचं सांगायला हवं. घटस्थापनेला आमच्याकडची पोरं कळसूबाईच्या पायथ्याहून मशाल पेटवून आणतात. डब्यात तेल, काठीला चिंध्यांचा बोळा. तिचे नियम कडक. ज्योत उजव्या हातातच धरायची, डावा हात देवाला चालत नाही. ज्योत जमिनीला टेकवायची नाही. आणि ज्योत थांबवायची नाही. धरणारा दमला, पडला, मेला तरी शेजारच्यानं ती घ्यायची आणि पुढं निघायचं. मागं वळून बघायचं नाही. तोवर घाटाच्या पायथ्याशी पोरं सायकली ढकलत चालू लागायची, कारण काळ्या सायकलवर तो घाट बसून कुणीच चढला नव्हता. माझ्या सायकलवर तो चढता येत होता. मी रोज चढत होतो, सुकटीची पाटी मागं बांधून.

अडचण एकच होती. मागच्या गिअरची खुंटी उजव्या हाताला होती. उजव्या हातात ज्योत, मग गिअर कशानं बदलणार? खुंटी आणि मागचा ब्रेक दोन्ही डावीकडं घ्यायला हवे होते, आणि तार पुरत नव्हती. लांब तार दाजीच्या दुकानात होती. मी तार विकत मागितली.

‘‘इकत?’’ दाजी म्हणाला. ‘‘सासुरवाडीला इकत देऊ व्हय? सायकल ठिवून जा. मी करतो सगळं. ओव्हरॉईलिंग पन करून देतो.’’

‘‘दाजी, तुमी पन काम मागताय. मग माझी सायकल—’’

‘‘आरं, देवी ठरवनार हाय ना? मग मी कोन आन् तू कोन? च्या पी.’’

हिराक्का कपबशी घेऊन दारात उभी होती. मी सायकल ठेवली. आयुष्यात मी फुकट मिळालेली एकही वस्तू उलटून पालटून न बघता घेतलेली नाही. बाजारात कोथिंबिरीची जुडी सोडून आत बघतो. पण जावयानं केलेलं काम तपासायचं नसतं. त्याच्यासमोर चाक फिरवून कान देणं म्हणजे त्याच्या ताटातलं अन्न हुंगून बघणं. दुसऱ्या दिवशी सायकल घ्यायला गेलो तेव्हा ती नव्यासारखी पुसलेली, तार डावीकडं घेतलेली, वर हँडलला झेंडूची माळ. आई सोबत होती. ती म्हणाली, ‘‘जावई लाखात एक हाय.’’ घरापर्यंतच्या वाटेवर फ्रायव्हीलचा आवाज मला जरा वेगळा वाटला. किर्र ऐवजी टिक, टिक. मला वाटलं, नवं तेल आहे.

ज्योतीच्या दिवशी भाताच्या खाचरांत लोंब्या आल्या होत्या आणि बांधांवर सोनकी पिवळी झाली होती. राजूरपर्यंत ज्योत हातोहात आली. घाटाच्या पायथ्याला ती माझ्या उजव्या हातात दिली. डावा हात हँडलवर. पुढची लहान चकती, मागची मोठी. पोरं सायकलींवरून उतरली आणि ढकलत चालू लागली. ‘‘बोल कळसूबाई माते की’’ म्हणत होती आणि मधूनच मला टोमणे, ‘‘ये किसन्या, जरा जोर लाव, सुकटीचा वास येतोय तुज्या घामाला!’’ मी हसत होतो. एका हातानं उभं राहून पायडल मारता येत नाही, म्हणून बसून, शांत, लहान लहान फेरे. घाटात हळू जाणाराच वर पोचतो, हे माझ्या दुकानात मी भिंतीवर लिहून ठेवलं आहे. तेल टपटप माझ्या मनगटावर पडत होतं. चिंध्यांचा धूर डोळ्यांत जात होता. माझ्या उजव्या अंगाला दाजी चालत होता, डाव्या हातानं सायकल ढकलत. पहिल्या वळणावर तो माझ्या उजवीकडं, दुसऱ्या वळणावरही उजवीकडं. वळणाच्या आतल्या बाजूला चढ जास्त खडा असतो. चालणारा माणूस आपसूक बाहेर जातो. तो गेला नाही.

खिंडीच्या खालचं वळण सगळ्यांत वाईट. तिथं ओढ्याचं पाणी रस्त्यावरून वाहतं आणि मुरूम निघालेला असतो. मी वळणाच्या आधीच गिअर टाकून घेतला होता. पाय दाबला. एक फेरा, दुसरा. तिसऱ्याला आतून काहीतरी सुटलं आणि पाय एकदम खाली गेला. सायकल जागच्या जागी थांबली, मी डावीकडं पुढं फेकला गेलो. दोन्ही हात मोकळे असते तर मी जमिनीला हात लावले असते आणि सोललेल्या तळव्यांवर भागलं असतं. पण उजवा हात मी वर धरला. देवीची ज्योत जमिनीला लागू द्यायची नव्हती. सगळं अंग डाव्या खांद्यावर आलं आणि खांद्याच्या वर काहीतरी ओली काडी मोडल्यासारखं मोडलं. डोळे उघडले तेव्हा माझा उजवा हात तसाच वर होता आणि त्यात मशाल नव्हती.

मशाल दाजीच्या हातात होती. आणि मी जे पाहिलं ते सांगतो, आजही देवळात उभं करा, तेच सांगेन. मी पडत असताना, अजून जमिनीला लागलो नसताना, त्याचा उजवा हात पुढं आलेला होता. बोटं उघडी. माणूस दचकला की हात स्वतःच्या अंगाकडं जातो. त्याचा हात दचकला नव्हता. त्याचा हात वाट बघत होता.

‘‘ज्योत थांबाया नको!’’ तो ओरडला. ‘‘चला, चला! मागं बघू नका!’’

आणि कुणी बघितलं नाही. माझ्याबरोबर वाढलेली पोरं, माझ्या डब्यातली चटणी खाल्लेली पोरं, माझ्या अंगावरून सायकली उचलून पुढं गेली. त्यांचा राग मी सोडला आहे, कारण नियम तसाच होता. त्यांच्या जागी मीही गेलो असतो. पण त्या नियमाचा पाना करून माझ्यावर फिरवणाऱ्याला मी सोडलेलं नाही. वळण संपलं की खिंडीपर्यंत चढ उरतच नाही, आणि खिंडीनंतर गावापर्यंत नुसता उतार. दाजी खिंडीत सायकलवर बसला आणि एका हातात ज्योत घेऊन गावात शिरला. देवळासमोर चेअरमन बसलेला होता. त्याला बसून आलेला माणूस दिसला. हलगीचा आवाज मला वळणावर ऐकू येत होता. मी ओढ्याच्या पाण्यात बसून होतो आणि तोंडात मुरूम होता.

सायकल मी उजव्या हातानं ढकलत घरी नेली. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात खांदा बांधला. दाजी पेढे घेऊन घरी आला. आईनं त्याला पाट दिला.

‘‘सायकल दे मेव्हणं, बघतो काय झालंय ते. चेन तुटली आसंल.’’

‘‘चेन शाबूत हाय,’’ मी म्हणालो.

‘‘मंग दे की, बघतो.’’

‘‘नको.’’

‘‘किसन्या!’’ आई म्हणाली. ‘‘दाजी हायेत ते.’’

मी सायकल दिली नाही. रिकाम्या पाट्यांच्या खाली, सुकटीच्या वासात ती ठेवून दिली. खांदा बांधलेला असल्यानं मला ती उघडता येत नव्हती. पण मी मागचं चाक मांडीवर घेऊन तासनतास बघत बसायचो. फ्रायव्हीलच्या तोंडावर एक चकती असते, तिला दोन भोकं असतात आणि तिचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या काट्याप्रमाणं फिरवली तर उघडते. ती उघडायला दोन दातांचं हत्यार लागतं. सगळ्या राजुरात तसं हत्यार एकच होतं, दाजीनं स्वतः जुन्या कानशीतून घासून केलेलं, एक दात दुसऱ्यापेक्षा जरा आखूड. त्या चकतीवर नवे, चमकणारे ओरखडे होते. एका भोकाशी खोल, दुसऱ्याशी उथळ. तरी मी स्वतःला समजावत होतो, ओव्हरॉईलिंग केलंय, उघडणारच.

भाऊबीज आली. खांदा सुटला होता. मी हिराक्काकडं गेलो. पुढं दुकानात दाजी रिमवर हातोडी मारत होता, टण, टण, आणि कुणाला तरी डेअरीच्या कॅनबद्दल मोठ्यानं सांगत होता. आतल्या खोलीत अक्कानं पाट मांडला, भोवती रांगोळी. मी बसलो. ती तबक घेऊन आली. औक्षणाच्या तबकात सुपारी असते आणि सोन्याची अंगठी असते, ती कपाळाभोवती ओवाळायची. तबकात सुपारी होती. अंगठीच्या जागी एक पोलादाचा तुकडा होता, करंगळीच्या नखाएवढा, एका टोकाला धारदार, तेलानं काळा.

मी तिच्याकडं बघितलं. ती सुपारी आणि तो तुकडा चिमटीत धरून माझ्या कपाळाभोवती फिरवत होती.

‘‘सदरा धुताना घावलं,’’ ती हळू म्हणाली. ‘‘तुझी सायकल खोलली त्या दिशीचा सदरा. खिशात व्हतं. मला काय ते ठाव न्हाई, पन तुझ्या सायकलीचं हाय, एवढं समजलं.’’

पुढं हातोडी वाजत होती. मी उठायला लागलो. तिनं तबक खाली ठेवलं आणि माझ्या मोडलेल्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

‘‘आदी ओवाळनी घाल.’’

‘‘अक्का, मी त्याला आत्ता—’’

‘‘मला पैशे नको, लुगडं नको. मी जित्ती हाय तवर तू तोंड उघडायचं न्हाई. ही ओवाळनी घाल.’’

‘‘मग मला कशाला दिलंस हे? ओढ्यात टाकायचं होतंस!’’

‘‘तू येडा न्हाईस, पडला न्हाईस, पाडलं तुला, हे तुला समजाया पायजे म्हनून दिलं,’’ ती म्हणाली. ‘‘आन् माजं घर उभं राह्या पायजे म्हनून तोंड धरते. दोन्ही माजंच हाय, किसन.’’

मी तो तुकडा मुठीत घेतला आणि तबकात रिकामा हात ठेवला. ओवाळणी झाली. बाहेर पडताना दाजी हातोडी खाली ठेवून म्हणाला, ‘‘काय मेव्हणं, काय घातलं भैनीला?’’ मी म्हणालो, ‘‘महाग पडलं, दाजी.’’ तो हसला.

त्यानंतर मी वाडीत राहिलो नाही. सायकल एसटीच्या टपावर टाकली आणि नगरला आलो. दुसऱ्याच्या दुकानात पंक्चरं काढली, मग स्वतःचं दुकान केलं. त्यात कुणाचा हात नाही. आईचं गोणपाट मी शेवटी चुलीत घातलं, पण तोवर तिला पाटी उचलता येत नव्हतीच. राजुरात दाजीच्या सायकलची जीप झाली, जीपचे टेम्पो झाले, टेम्पोची गाडी आणि गाडीचा पुढारी झाला. दर नवरात्रात घाटाच्या पायथ्याशी तो ज्योत हातात घेतो, चार पावलं चालतो, फोटो निघतो. मी दर भाऊबीजेला जात राहिलो. अक्का सुपारीबरोबर खरी अंगठी ओवाळायची, दाजीच्या पैशाची. तिच्या डोळ्याकडं बघून मी एवढंच म्हणायचो, ‘‘ओवाळणी चालू आहे.’’ लोक म्हणतात, काळानं राग निवतो. माझा निवला नाही. तो मी तेलाच्या डबीत ठेवला होता, त्या तुकड्याबरोबर. गंज चढू दिला नाही.

हिराक्का यंदा उन्हाळ्यात गेली. तिचं घर शेवटपर्यंत उभं राहिलं. माझ्याकडून तिला जे द्यायचं होतं ते मी पूर्ण दिलं आहे, त्यात घासाघीस केली नाही. तिच्या दहाव्याला पोपट माझ्या गळ्यात पडून रडला आणि म्हणाला, ‘‘आता आपलं नातं तुटू देऊ नका.’’ मी त्याच्या हातांकडं बघत होतो.

पोपटराव, हे प्रकरण तुमच्यापर्यंत पोचेल याची व्यवस्था मी केली आहे. तुमच्याकडून मला पैसा नको, माफी नको, दुधाची लाइन तर आता नकोच. येत्या घटस्थापनेला ज्योत घाटानं येईल, तुम्ही पायथ्याशी फेटा बांधून उभे राहालच. यंदा तिथं फोटो काढून गाडीत बसू नका. खिंडीखालच्या वळणापर्यंत चालत या. मी तिथं जुन्या सायकलसह उभा असेन, तेच फ्रायव्हील, तेच ओरखडे. कुत्रं माझ्या तळहातावर असेल. ज्योत थांबवत नाहीत, ती पुढं जाऊ द्या. पण त्या दिवशी मागं वळून बघायला गावाला मोकळीक आहे, आणि गाव बघत असताना एवढंच सांगा: हे माझ्या चाकातून तुमच्या सदऱ्याच्या खिशात कुणी घातलं, आणि मी जमिनीला लागायच्या आधी तुमचा हात कशासाठी उघडा होता? उत्तर द्या.